पोरांची इतिहासाची वही आणि आपण



गेल्या आठवड्यात खोडव्याच्या नोंदीची चौकशी करायला आमच्या शेतकी ऑफिसात एक जुने सभासद आले होते. काम झाले, चहा आला, आणि बोलता बोलता त्यांनी घरातली एक गंमत सांगितली. त्यांची नात यंदा अकरावीला आहे. कॉलेजात इतिहासाचा प्रकल्प लिहायला सांगितला, म्हणून ती वही घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसली.

"मला विचारती, आबा, कारखाना यायच्या आधी आपला ऊस कुठं जायचा? गुऱ्हाळ कुणाचं होतं? शेअरचं पैसं तुम्ही कुठनं आणलं? मी म्हटलं, पोरी, मी काय मास्तर हाय व्हय? पुस्तकात बघ की! मग तिनं पुस्तकातनं पाच पानं उतरून काढली, दोन चित्रं चिकटवली, मास्तरांनी सही केली. झाला प्रकल्प!"

ते हसले, आम्हीही हसलो. पण ते गेल्यावर मात्र आम्हाला चैन पडेना. त्या पोरीने विचारलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे कोणत्याच पुस्तकात नाहीत. ती उत्तरे ज्याच्याजवळ होती तो माणूस आमच्यासमोर बसून चहा पीत होता. त्याने पोरीला पुस्तकाकडे पाठवले आणि आम्हीही त्याला अडवले नाही.

म्हणून या अंकात ऊस, खते आणि पाणी यांचा विषय थोडा बाजूला ठेवून शाळेतल्या पोरांनी केलेल्या एका इतिहासाच्या प्रकल्पाची हकीकत सांगावी असे ठरवले. हकीकत दूरदेशची आहे, पण ती आपल्यासारख्याच शेतीवर जगणाऱ्या मुलखात घडलेली आहे.

एका कात्रणाची गोष्ट

अमेरिकेत कॅन्सस नावाचे राज्य आहे. आपल्याकडे ऊस तसा तिकडे गहू. त्या राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात युनियनटाऊन नावाचे एक खेडे आहे. लोकवस्ती काही शेकड्यांची, आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढी. भोवताली शेती आणि गुरांची कुरणे. अशा या खेड्यातल्या हायस्कुलात नॉर्मन कॉनर्ड नावाचे गुरुजी इतिहास शिकवीत.

अमेरिकेत शाळेतल्या मुलांसाठी 'नॅशनल हिस्टरी डे' नावाचा उपक्रम चालतो. १९७४ साली क्लीव्हलँड शहरातल्या एका विद्यापीठात डेव्हिड व्हॅन टॅसल या प्राध्यापकांनी तो सुरू केला. मुलांनी एकेकट्याने किंवा गटाने एखादा विषय निवडायचा, शाळेच्या वर्षातले कित्येक महिने त्यावर खपायचे, आणि जे सापडेल ते निबंध, प्रदर्शन, माहितीपट किंवा छोटे नाटक अशा रूपात मांडायचे. आधी आपल्या भागात, मग राज्यात, मग देशात अशी पायरीपायरीने स्पर्धा होते. त्यातला एक नियम आम्हाला फार आवडला. नुसते काम सादर करून भागत नाही. ही माहिती कुठून मिळवली, कुणाला विचारले, मूळचे कागद कोणते पाहिले आणि दुसऱ्याने लिहिलेले कोणते वाचले, हे सगळे मुलांना वेगळे लिहून द्यावे लागते. म्हणजे मालाबरोबर पावतीही हजर करायची!

१९९९ सालच्या शरद ऋतूत कॉनर्ड गुरुजींच्या चार विद्यार्थिनींनी या स्पर्धेत उतरायचे ठरवले. तिघी नववीतल्या, एक अकरावीतली. गुरुजींनी त्यांच्या हाती एका साप्ताहिकातले १९९४ सालचे कात्रण दिले. दुसऱ्या महायुद्धात ज्यू लोकांचे प्राण वाचवणाऱ्या काही माणसांविषयी त्यात लिहिले होते. त्यातच एक ओळ अशी होती की, इरेना सेंडलर नावाच्या बाईने १९४२-४३ साली वॉर्सा शहरातल्या ज्यूंच्या कोंडवाड्यातून २,५०० मुले वाचवली.

गुरुजींनी या बाईचे नाव कधी ऐकलेले नव्हते. ते मुलींना म्हणाले की, हा आकडा कदाचित छापण्यातली चूकही असेल, तुम्हीच तपासून बघा.

सभासदहो, या ठिकाणी आपण जरा थांबू. गुरुजींनी मुलींना 'हे उतरून काढा' असे सांगितले नाही, 'तपासून बघा' असे सांगितले. काट्यावरच्या वजनाची शंका आली तर आपण काय करतो? गाडी पुन्हा काट्यावर घ्यायला लावतो, रिकाम्या गाडीचे वजन मागतो, जुनी पावती काढून ताडून पाहतो. छापील पावती हाती आहे म्हणून गप्प बसत नाही. इतिहासातसुद्धा हाच हिशेब लागू आहे. छापलेली ओळ हा पुरावा नव्हे. ती फक्त चौकशीची सुरुवात असते.

कोण ही बाई?

मुलींनी शोध सुरू केला. त्या वेळी इंटरनेट नवे होते. त्यावर या बाईचे नाव त्यांना एकाच ठिकाणी सापडले. मग त्यांनी पुस्तके धुंडाळली, संस्थांशी संपर्क साधला. वर्षभराच्या खटपटीत जे हाती आले ते थोडक्यात असे.

१९३९ साली जर्मनीने पोलंड देश जिंकला. राजधानी वॉर्सामध्ये नाझी राजवटीने ज्यू लोकांना शहराच्या एका भागात कोंडले आणि नोव्हेंबर १९४० मध्ये त्या भागाला भिंत घालून तो बंद केला. चार लाखांहून अधिक माणसे त्यात खुराड्यात कोंबल्यासारखी राहत होती. उपासमार आणि टायफसची साथ यांनी हजारो मेले. जुलै १९४२ पासून तिथल्या लोकांना रेल्वेच्या डब्यांत भरून ट्रेब्लिंका येथे नेऊन मारण्याचे सत्र सुरू झाले.

इरेना सेंडलर ही पोलिश ख्रिस्ती बाई. जन्म १९१० चा. ती वॉर्साच्या नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्यात नोकरीला होती. साथ शहरात पसरू नये म्हणून आरोग्य तपासणीच्या नावाखाली आत जाण्याचा परवाना तिने मिळवला होता. आत जाताना अन्न आणि औषधे न्यायची आणि बाहेर येताना एखादे पोर आणायचे, असे तिचे आणि तिच्या सोबतिणींचे काम चाले. कुणाला रुग्णवाहिकेतून लपवून आणले, कुणाला तळघरांच्या वाटेने, कुणाला भिंतीला लागून असलेल्या कोर्टाच्या इमारतीतून. बाहेर आणलेल्या पोरांना पोलिश घरांत, अनाथाश्रमांत आणि ख्रिस्ती जोगिणींच्या मठांत नव्या नावाने ठेवले जाई. हे काम एकटीचे नव्हते. १९४२ च्या अखेरीस 'झेगोटा' नावाची गुप्त संघटना उभी राहिली आणि पुढे तिचा मुलांचा विभाग सेंडलरबाईंनी सांभाळला.

या सगळ्यात त्यांनी एक गोष्ट केली, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. प्रत्येक पोराचे खरे नाव आणि नवे नाव त्यांनी पातळ कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहून ठेवले. युद्ध संपल्यावर पोराला आपले आईबाप कोण, आपले नाव काय, हे कळावे हा हेतू. ते कागद बाटल्यांत, बरण्यांत घालून एका सोबतिणीच्या बागेत सफरचंदाच्या झाडाखाली पुरले. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांना पकडले. तुरुंगात अतोनात मारहाण झाली, पण त्यांनी नावे सांगितली नाहीत. झेगोटाच्या लोकांनी पहारेकऱ्यांना लाच चारून त्यांना सोडवले. युद्धानंतर त्या याद्या ज्यूंच्या समितीकडे दिल्या. बहुतेक पोरांच्या आईबापांना मात्र तोवर ट्रेब्लिंकाला मारले होते.

आपल्या जमिनीत आपण बेणे पुरतो, ते उगवावे म्हणून. या बाईने नावे पुरली, ती पुसली जाऊ नयेत म्हणून.

थडगे शोधायला गेल्या आणि जिवंत बाई सापडली

आता या हकीकतीतला खरा कलाटणीचा भाग. मुलींनी धरले होते की बाई केव्हाच वारली असणार. तिचे थडगे कुठे आहे हे विचारायला त्यांनी अशा कामातल्या एका संस्थेकडे चौकशी केली. उत्तर आले की, इरेना सेंडलर जिवंत आहेत, वॉर्सामध्येच राहतात!

तेव्हा बाईंचे वय नव्वदीच्या घरात होते. मुलींनी त्यांना पत्र लिहिले. बाईंनीही उलट टपाली मायेने उत्तर दिले. पत्रे पोलिश भाषेत यायची, ती दुसऱ्याकडून समजावून घ्यावी लागत. पुस्तकात एका ओळीपुरती असलेली बाई आता स्वतः सांगू लागली की अमुक पोर असे बाहेर काढले, आईबापांनी पोर हवाली करताना काय विचारले.

मुलींनी या हकीकतीवर एक छोटे नाटक बसवले. नाव ठेवले 'लाइफ इन अ जार', म्हणजे बरणीतले आयुष्य. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे अवघी दहा मिनिटे हाती असतात. २००० साली ते नाटक राज्याची पायरी ओलांडून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेले.

इथे शाळेचा प्रकल्प संपला असे कुणीही म्हटले असते. गुण मिळाले, कौतुक झाले, आता वही माळ्यावर टाकायची. पण मुलींनी वही मिटली नाही. त्या गावोगावच्या चर्चमध्ये, शाळांमध्ये, मंडळांमध्ये नाटक करत राहिल्या. प्रयोगाला एक बरणी ठेवायच्या, लोक त्यात पैसे टाकायचे, आणि ते पैसे सेंडलरबाई व त्यांच्यासारख्या म्हाताऱ्या झालेल्या माणसांच्या मदतीसाठी पाठवायच्या. कॅन्सस सिटी येथे प्रयोग पाहिलेल्या एका गृहस्थांनी पुढाकार घेऊन मुलींच्या प्रवासाचे पैसे उभे केले, आणि मे २००१ मध्ये त्या खेड्यातल्या पोरी आपल्या गुरुजींबरोबर वॉर्साला जाऊन सेंडलरबाईंना प्रत्यक्ष भेटल्या.

त्यानंतर जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही हकीकत छापली. २००३ साली पोलंडने आपला सर्वोच्च किताब, ऑर्डर ऑफ द व्हाइट ईगल, सेंडलरबाईंना दिला. १२ मे २००८ रोजी त्या वारल्या. वय ९८. मुलींनी कात्रण हाती घेतल्यापासून बाई जाईपर्यंत अवघी साडेआठ वर्षे होती. हाच प्रकल्प दहा वर्षे उशिरा झाला असता, तर मुलींना खरोखरच थडगे शोधावे लागले असते.

पण तपासणी संपत नाही

या हकीकतीची दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्हीही उतरून काढणाऱ्यांच्या रांगेत बसू.

या मुलींनी सेंडलरबाईंचा 'शोध लावला' असे पुष्कळदा म्हटले जाते. ते तंतोतंत खरे नाही. इस्राएलमधल्या याद वाशेम या संस्थेने १९६५ सालीच बाईंचा सन्मान केला होता. म्हणजे माहिती होती, कागदही होता. पण ती माहिती चार लोकांच्या पलीकडे गेली नव्हती. मुलींनी ती उचलून लोकांपर्यंत नेली, हे त्यांचे काम, आणि ते काही लहान नाही.

दुसरी गोष्ट त्या २,५०० च्या आकड्याची. २०१७ साली पोलंडमधल्या अन्ना बिकोंत या पत्रकार लेखिकेने सेंडलरबाईंचे मोठे चरित्र लिहिले. त्यात कागदपत्रे ताडून त्यांनी दाखवले की एवढ्या मोठ्या आकड्याला आधार सापडत नाही आणि या कामात इतरही पुष्कळ माणसे होती. म्हणजे गुरुजींनी पहिल्याच दिवशी काढलेली शंका अगदीच फुकट नव्हती. यामुळे बाईंचे धैर्य कमी होते काय? मुळीच नाही. एक पोर वाचवायलाही तिथे देहदंडाचीच शिक्षा होती. पण आकडा आकड्याच्या जागी आणि आदर आदराच्या जागी, हे इतिहास शिकणाऱ्याने सांभाळायला हवे. उताऱ्याचा आकडा फुगवून सांगितला म्हणून पोत्यात साखर वाढत नाही, हे तुम्हा-आम्हाला कुणी शिकवायला नको.

आपल्या शिवारात काय?

पोलंड म्हटले की आपल्या कोल्हापूर भागातल्या लोकांना परके वाटायचे कारण नाही. त्याच युद्धात रशियाने पोलंडच्या पूर्व भागातून हजारो कुटुंबे उचलून दूर नेली होती. त्यांतल्या सुटलेल्या लोकांपैकी सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक बायका आणि मुले, इराणमार्गे इकडे आली आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत राहिली. त्यांची हकीकत सेंडलरबाईंच्या मुलांहून वेगळी आहे, पण युद्ध एकच. छावणी उठल्यावर तिथे फाळणीत घरदार गेलेले सिंधी बांधव आले आणि आजचे गांधीनगर वसले. आपल्यापैकी कित्येक जण कापडखरेदीला तिथे जातात. तिथल्या पोलिश पोरांबरोबर जो खेळला असेल, छावणीत ज्याने दूध किंवा भाजी घातली असेल, तो आज नव्वदीच्या आसपास असणार. त्याला विचारायला किती दिवस उरलेत, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आणि इतक्या लांब तरी कशाला? सहकारी साखर कारखानदारी हाच केवढा मोठा इतिहास आहे! १९५० च्या अखेरीस प्रवरानगरला पहिले गाळप झाले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ही नावे पुस्तकात आहेत आणि असलीच पाहिजेत. पण आपल्या गावात पहिला शेअर कुणी घेतला, त्यासाठी काय विकले, घरच्या बाईने 'नको' म्हटले की 'घ्या' म्हटले, गुऱ्हाळावर चिमणीशी रात्र काढणारा गुळव्या पुढे कुठे गेला, हे कुठल्याही पुस्तकात नाही. ते आपल्या ओसरीवर बसलेले आहे आणि दरवर्षी थोडे थोडे उठून जात आहे.

म्हणून पोरांनी प्रकल्पाची वही आणली तर काय करावे, हे आमच्या मते असे:

पहिले, प्रश्न लहान घ्यावा. 'महाराष्ट्राचा इतिहास' हा विषय पोराला पेलणार नाही. 'आमच्या वाडीत पहिली विहीर कुणी पाडली' हा पेलेल.

दुसरे, म्हाताऱ्या माणसाला साल विचारू नये. त्याला साल आठवत नाही, घटना आठवते. कोयनेच्या भूकंपाच्या आधी की नंतर, असे विचारावे, म्हणजे डिसेंबर १९६७ ची खूण मिळते. बहात्तरच्या दुष्काळात होते का, असे विचारावे. साल आपोआप सापडते.

तिसरे, ट्रंकेत पडलेले कागद बाहेर काढावेत. शेअरचा दाखला, जुनी ऊसबिले, सोसायटीचे पासबुक, सातबारा, फेरफाराचा उतारा. मूळ कागद पोराच्या वहीत डकवू नये, झेरॉक्स काढावी.

चौथे, एकाच माणसाच्या सांगण्यावर थांबू नये. दोघांना विचारावे. दोघांचे जुळले नाही तर दोघांचेही लिहावे. पोराने 'इथे मत जुळत नाही' असे लिहिले, तर ते त्याचे अज्ञान नसून प्रामाणिकपणा आहे.

पाचवे, घरातल्या बायकांना विसरू नये. पाणी कुठून आणले, तोडीच्या दिवसांत घर कसे चालले, दागिना कधी मोडला, हे त्यांनाच ठाऊक.

आणि सहावे, कुणी, कुठे, कोणत्या तारखेला सांगितले हे खाली लिहावे.

भाऊबंदकी, वाटण्या, कर्ज असे दुखरे विषय निघतील. जे सांगवत नाही ते सांगू नये. पण 'पुस्तकात बघ' असे म्हणून पोराला परत पाठवू नये, एवढीच विनंती.

शेवटी

हा लेख लिहून झाल्यावर ते सभासद पुन्हा ऑफिसात दिसले. आम्ही त्यांना ही हकीकत सांगितली. थोडा वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, "आता काय उपेग? तिची वही तर देऊन झाली. मार्कं बी पडली."

आम्ही म्हटले, "अहो, त्या पोरींची स्पर्धा २००० सालात संपली, आणि त्या बाईला भेटायला गेल्या २००१ सालात. मार्कं पडल्यावरच खरं काम झालं की त्यांचं."

त्यांनी टोपी सारखी केली. "शेअरचं पैसं कुठनं आणलं ते सांगायचं म्हंजे आमच्या आईच्या पाटल्या सांगाव्या लागत्यात. पोराला सुदीक ठाऊक न्हाई ते. बघतो. आज रात्रीची लाईट हाय, पाणी सोडायचंय. उद्या बसतो तिच्यासंगट."

ते बसले तर त्या नातीची वही आम्ही मागून घेणार आहोत. तुमच्या घरीही कुणी अशी वही लिहिली, तर गट ऑफिसात आणून द्यावी. पाटल्या कुणाच्या हे नाव घालायचे की नाही, ते तुमच्यावर.